ठोंब्याचं जर्मन

कुत्र्याला जर्मन शिकवायचं खूळ मुळात माझ्या डोक्यातलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत कोणालाही विचारलंत तर तो माझ्याकडेच बोट दाखवील. पण त्या लोकांचं काय घेऊन बसलात, लिफ्ट बंद पडली तरी ते माझ्याकडेच बोट दाखवतात. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. लिफ्टशी माझा संबंध एवढाच, की मीही तिच्यात अडकतो.

कुत्रा मात्र आमचा, हे कबूल. लेकीने त्याचं नाव काहीतरी भारदस्त ठेवलं होतं. पण घरात आला त्याच संध्याकाळी तो गॅलरीच्या बंद काचेवर जाऊन आपटला, उठला, अंग झाडलं आणि पुन्हा आपटायला म्हणून चार पावलं मागे सरला. बायको म्हणाली, "अरे ठोंब्या!" तेव्हापासून ठोंब्या. त्याची जात कोणती ते विचारू नका. कान एका जातीचे आहेत, शेपूट दुसऱ्या जातीची आहे आणि भूक सगळ्या जातींची मिळून आहे.

या ठोंब्याने सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींच्या मांडीवर उडी घेतली. नुसती घेतली असती तर भागलं असतं. आधी टेबलावर घेतली, टेबलावरचा पाण्याचा जग सेक्रेटरींच्या अंगावर पाडला आणि मग ओल्या मांडीवर ऐसपैस बसून त्यांची हनुवटी चाटली. मी पट्टा ओढत "उतर, उतर" म्हणत होतो. तो माझ्याकडे प्रेमाने बघत होता. उतरला नाही.

आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते पेन्सिल हातात धरून वाचतात. कोणी गेल्याची बातमी आली तर आधी त्यातलं शुद्धलेखन बघतात, वाईट नंतर वाटून घेतात. एकटेच राहतात, तळमजल्यावर, आवाराकडे उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत. चूक दिसली आणि ते गप्प बसले, असं आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी रुमालाने हनुवटी पुसली आणि ओल्या कपड्यांनिशी ठराव मांडला: हा प्राणी इमारतीत राहता कामा नये.

बायको उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही, तिची सगळी भाषणं घरी माझ्यासाठी राखीव असतात. ती म्हणाली, त्याला शिकवलेलं नाही म्हणून तो असा वागतो, शिकवायला एक संधी द्या. यावर सेक्रेटरींनी जरा विचार केला आणि एक अट घातली. समोरच्या मैदानावर श्वानप्रेमींच्या क्लबाची अडथळ्यांची शर्यत होणार होती. तिचा फलक त्यांनी वाचला होता (त्यात तीन चुका होत्या म्हणे). त्या शर्यतीत कुत्र्याने सगळे अडथळे आज्ञेप्रमाणे पार करून दाखवावेत. दाखवले तर राहील, नाहीतर जाईल. समितीच्या वतीने ते स्वतः बघायला येतील.

क्लबवाले या प्रकाराला अ‍ॅजिलिटी म्हणतात. म्हणजे कुत्र्याने आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, सी-सॉवर एकीकडून चढून दुसरीकडून उतरायचं, कापडी बोगद्यातून आरपार जायचं, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळायचं आणि मालकाने बाजूने धापा टाकत ओरडत राहायचं. खाऊ दाखवायचा नाही, हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. ज्या कुत्र्याला उघडं दार आणि बंद काच यातला फरक कळत नव्हता, त्याच्यासाठी ही अट होती. अशक्य अट नम्रपणे घालायची कला मला ठाऊक आहे, मीही सरकारी खात्यात आहे.

आता सल्ले सुरू झाले. आमच्याकडे पाणी येवो न येवो, सल्ल्यांना चोवीस तास पुरेसा दाब असतो. पहिल्या मजल्यावरचे वकील म्हणाले, कोर्टात जाऊ, तारखा पडत राहतील, तोवर कुत्रा म्हातारा होईल. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, त्याच्या आधी तुमचं ब्लडप्रेशर बघते. आणि वरच्या मजल्यावरचे जर्मनीकाका पायजम्यातच खाली उतरून आले.

जर्मनीकाकांना कंपनीने फार पूर्वी कसल्याशा यंत्राच्या प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस जर्मनीला पाठवलं होतं. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. कुठलाही विषय काढा, दोन वाक्यांत ते विमानातून उतरलेले असतात. ते म्हणाले, जगातली शहाणी कुत्री जर्मन ऐकतात, पोलिसांच्या कुत्र्यांनाही तिकडे जर्मनच शिकवतात. तिकडे जर्मन नाही तर काय शिकवणार, हे मी मनातच म्हणालो. पण पुढे त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "तुमच्या घरात मराठीतली आज्ञा कोण ऐकतं?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर कोणीच नाही. आमच्या घरात 'ऊठ', 'थांब', 'सोड तो मोबाइल', 'इकडे ये' हे शब्द पहाटेपासून हवेत तरंगत असतात. मी लेकीला ऊठ म्हणतो, ती कूस बदलते. बायको मला ऊठ म्हणते, मी पेपर उलटतो. ठोंब्या तीन वर्षं हे बघतोय. घरातली माणसं जे शिकली तेच तोही शिकला, की शब्द हे बोलण्यासाठी असतात, ऐकण्यासाठी नसतात. त्याची काय चूक? त्याला नवी, कोरी भाषा हवी होती, जिच्यात अजून कोणी कोणाची अवज्ञा केलेली नाही. मला हे पटलं. पटलं, एवढाच माझा दोष.

काकांनी शब्द दिले. झिट्स म्हणजे खाली बस. हॉप म्हणजे उडी मार. लांगझाम म्हणजे सावकाश, हा सी-सॉसाठी. डुर्श म्हणजे आरपार जा, हा बोगद्यासाठी. ब्लाइब म्हणजे आहेस तिथेच राहा. मी ते पाठ करायला लागलो. आंघोळ करताना करायचो, भाजी चिरताना करायचो. ऑफिसात एक गृहस्थ नळजोडणीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले, त्यांना मी फायलीतून मान वर न करता "ब्लाइब" म्हणालो. ते बिचारे जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच उभे होते. म्हटलं, भाषेत दम आहे.

सराव कुठे करायचा हा पुढचा पेच. आधी हॉलमध्ये केला. कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा करून उडीसाठी ठेवला, इस्त्रीच्या टेबलाची फळी उशीवर टेकवून सी-सॉ केला, जुना गालिचा खुर्च्यांवर टाकून बोगदा केला. पहिल्याच दिवशी फळीवर कसं चढायचं हे दाखवायला मी स्वतः चढलो. कोण कुठे पडलं ते सांगत नाही. नर्सबाईंनी पट्टी बांधताना ब्लडप्रेशरही बघून घेतलं, आणि म्हणाल्या, मी सांगितलं होतं.

मग उद्यानात परवानगी मागायला गेलो. उद्यानाच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, हा खेळ आहे की प्राणी? खेळ असेल तर क्रीडा विभाग, प्राणी असेल तर पशुवैद्यकीय. मी म्हटलं, दोन्ही आहे. ते म्हणाले, मग दोघांचं ना-हरकत आणा. क्रीडा विभागाने विचारलं, खेळाडूचं वय काय? पशुवैद्यकीयवाल्यांनी विचारलं, आजार काय? आजार नाही म्हटल्यावर त्यांनी मला बाहेर काढलं. समोरच्या माणसाकडे न बघता त्याचा अर्ज बाजूला सारण्याची ती लकब मी लगेच ओळखली. आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस या बाजूला आला की त्याला फार एकटं वाटतं.

शेवटी उरलं इमारतीचं आवार. म्हणजे थेट सेक्रेटरींच्या खिडकीसमोर. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी तिथे शेजाऱ्यांकडून उसन्या आणलेल्या छत्र्या आणि फरशी पुसायच्या काठ्या बादल्यांमध्ये रोवायचो, आणि खिडकीत सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे असायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. वरच्या गॅलऱ्यांमधून मात्र बोलण्याची कमतरता नव्हती. मी "झिट्स" म्हटलं की वकील वरून म्हणायचे, बसलो. जर्मनीकाका दर दोन मिनिटांनी माझा उच्चार दुरुस्त करायचे, आणि दर वेळी वेगळा करायचे. एका सकाळी सूचनाफलकावर चिठ्ठी लागली की आवारात मोठ्याने परकीय भाषा बोलू नये. खाली सेक्रेटरींची सही. मग मी हळू आवाजात ओरडायला लागलो. करून बघा, फार त्रास होतो.

आणि गंमत बघा, कुत्रा शिकायला लागला. आधी झिट्स शिकला, मग हॉप. छत्र्यांमधून वळणं घेत पळायला लागला, तेव्हा लेक टाळ्या वाजवत खाली आली. बोगद्याला मात्र घाबरायचा. तोंडाशी जाऊन बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी ठामपणे "डुर्श" म्हटलं की एकदा अंग आक्रसून घ्यायचा आणि डोळे मिटून आत शिरायचा. त्या शब्दाच्या आधाराने तो अंधारात जायचा. बाकी कुठल्याही शब्दाने जायचा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट घरात कोणी बोलत नव्हतं. ठोंब्याला काढावं लागलं तर तो बायकोच्या मावसभावाच्या गोदामावर जाणार होता. मावसभाऊ म्हणाला होता, मोकळा राहील, मजेत राहील. आम्ही ते गोदाम पाहिलं होतं. तिथे लोखंडी दाराशी एक साखळी आहे आणि तिचा आधीचा कुत्रा कुठे गेला ते कोणी सांगत नाही. लेकीने एकदाच विचारलं, "बाबा, जमेल ना तुम्हाला?" त्याला जमेल का असं नाही विचारलं. मी म्हटलं, त्यात काय, मराठी माध्यमाचा असलो तरी पाच शब्द पाठ करू शकतो. कुत्र्याचं मला फारसं कौतुक नाही असं मी चारचौघांत सांगत आलोय. ते खोटं आहे. ऑफिसातून घरी आल्यावर मी आलो याचा आनंद होणारा त्या घरात तो एकटाच आहे. मला तो हवा होता.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर सगळी इमारत आली. पोहोचवायला येतात तशी. मी बाकीचे स्पर्धक बघितले. त्यांची कुत्री विंचरलेली होती, आणि मालकही. त्यांच्या पायांत खास बूट होते. मी ऑफिसची चप्पल घालून गेलो होतो. दोरीच्या पलीकडे पहिल्या रांगेत खुर्ची टाकून सेक्रेटरी बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून. एका बाजूला बायको आणि लेक एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. जर्मनीकाका शेवटचा सल्ला द्यायला आत घुसले, त्यांना पंचांनी बाहेर घालवलं. जाता जाता ते म्हणाले की डुर्शचा उच्चार त्यांनी आजवर चुकीचा सांगितला होता.

शिट्टी वाजली. पहिली दांडी, हॉप, गेला. दुसरी, हॉप, गेला. काठ्यांमधून तर असा सळसळत गेला की ते विंचरलेले मालकसुद्धा बघत राहिले. सी-सॉवर मी लांगझाम म्हणालो आणि तो खरंच सावकाश, एकेक पाय टाकत उतरला. माझी छाती भरून आली. आणि छाती भरली त्या क्षणी डोकं रिकामं झालं.

समोर बोगदा. ठोंब्या तोंडाशी जाऊन बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. आणि मला शब्द आठवेना. बाकीचे चारही आठवत होते, तोच नेमका नाही. मी तोंड उघडलं, त्यातून हवा आली. मी 'हॉप' म्हणालो, तो जागच्या जागी उडी मारून पुन्हा बसला. मी 'जा' म्हणालो. 'अरे जा ना बाबा' म्हणालो. तो मला तीन वर्षं ओळखतो, मराठीत मी काहीही बोलतो हे त्याला ठाऊक आहे. मग मी 'अर्ज' म्हणालो. का म्हणालो ते विचारू नका, तोंडात तेवढंच शिल्लक होतं. पंच घड्याळाकडे बघायला लागले. लेकीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "डुर्श!"

असा खणखणीत, असा शुद्ध डुर्श मी जन्मात ऐकला नव्हता. ठोंब्याने अंग आक्रसलं, डोळे मिटले आणि आत शिरला. मी वळून बघितलं तर सेक्रेटरी खुर्चीवरून उठून दोरीला टेकले होते आणि रागाने लाल झाले होते. इतके दिवस खिडकीत उभं राहून सगळं त्यांना पाठ झालं होतं, आणि डोळ्यांदेखत चाललेली चूक त्यांना सहन होईना. ठोंब्या पलीकडून बाहेर आला, तेव्हा ते दोरीखालून वाकून मैदानात आले होते. "हॉप!" ते म्हणाले. "पुन्हा हॉप! झिट्स!" शर्यत संपते त्या शेवटच्या चौकोनात ठोंब्या त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांच्याकडे वर बघत शेपूट हलवायला लागला. मैदानाच्या मधोमध मी उभा होतो. मला कोणी ब्लाइब म्हणालं नव्हतं, तरी होतो.

टाळ्या कडाडल्या. मग पंच आले आणि म्हणाले, बाहेरच्या माणसाने आज्ञा दिली, हा कुत्रा बाद. सेक्रेटरी त्यांच्यावर तुटून पडले. कुठल्या नियमाने? दाखवा नियम. पंचांनी नियम दाखवला. सेक्रेटरींनी त्यातल्या चुका दाखवल्या. बराच वेळ हे चाललं, पुढचे स्पर्धक कुत्र्यांना घेऊन सावलीत जाऊन बसले. पण नियम चुकीचा लिहिलेला असला तरी नियमच होता. बाद ते बाद. आम्ही घरी परत निघालो. ठोंब्या तेवढा मधे मधे मागे वळून बघायचा, सेक्रेटरी येतायत का ते. बायकोने वाटेत मावसभावाला फोन करायला मोबाइल काढला आणि नंबर न लावताच पर्समध्ये परत ठेवला.

संध्याकाळी समिती बसली. त्याच टेबलाशी, पाण्याच्या नव्या जगासकट. मी ठोंब्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. लेक त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती, तिने त्याच्या मानेवर हात ठेवला होता. सेक्रेटरी उठले. घसा साफ केला आणि म्हणाले, शर्यतीत कुत्रा बाद झाला आहे, हे मी नमूद करतो.

लेकीने मान खाली घातली.

"पण मी सगळा प्रकार पहिल्या दिवसापासून पाहिलेला आहे," ते पुढे म्हणाले. "कुत्र्याने एकही चूक केलेली नाही. चूक यांची आहे." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं, बोटाची गरज नव्हती. "आणि यांना इमारतीतून काढायची तरतूद आपल्या नियमांत नाही. मी दुपारी बसून पाहिलं."

ठराव बारगळला. बायकोने चारचौघांत डोळे पुसले, लेक ठोंब्याच्या गळ्यात पडली. वकील माझी पाठ थोपटून म्हणाले, सुटलात. मी सोडून सगळे निर्दोष सुटले होते, पण ते मी बोललो नाही. एवढ्या अपमानाच्या बदल्यात तो घरी राहत असेल, तर रोज एक अपमान करून घ्यायला मी तयार होतो. तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाले, "पट्टा द्या. उद्यापासून नाही, आजपासूनच मी फिरवून आणेन. तुमच्या हाताखाली त्याची भाषा बिघडेल."

मी दिला पट्टा. ठोंब्या उड्या मारत त्यांच्याबरोबर निघाला. जिन्यापर्यंत गेला आणि थांबला. मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि तिथेच बसला. सेक्रेटरींनी त्यांच्या त्या खणखणीत आवाजात दोनदा सांगून बघितलं. तो हलला नाही. जर्मनमधली ती त्याची पहिली अवज्ञा. सेक्रेटरींनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "चपला घाला. या तुम्हीही."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही तिघं फिरायला जातो. सेक्रेटरी ठोंब्याला जर्मनमध्ये सांगतात आणि मला मराठीत. सरळ चाला, पट्टा ओढू नका, पाय घासत चालू नका, मान वर. ठोंब्या त्यांचं बरंचसं ऐकतो. मी सगळं ऐकतो.